सकाळपासूनचे हातमोजे

त्या वर्षी काजूचा मोहोर वाऱ्याने निम्मा गळून पडला, आणि उरलेल्या निम्म्यातून जी बी हाती आली ती बोटाच्या पेरापेक्षाही लहान. बी फोडणाऱ्या लहानसहान शेड एकेक करत बंद झाल्या. चालू राहिली ती एकच, ओढ्यापलीकडची, लांबलचक पत्र्याची. तिचा सगळा माल समुद्रापलीकडची एक कंपनी घ्यायची. त्यामुळे शेठ बाहेरगावची बी ट्रकने मागवायचे आणि शेडचा भोंगा रोज सकाळी न चुकता वाजायचा.

गवंड्याच्या घरातल्या दोघी जावा तिथे कामाला होत्या. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे, म्हणून शेडमध्येही त्या थोरली आणि धाकटीच झाल्या. थोरलीचा नवरा गवंडी. धाकटीचा नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यात. थोरली अकरा वर्षं बी फोडत होती, धाकटी पाच. पण धाकटीचा हात असा चालायचा की बघणाऱ्याची नजर मागे पडायची. आणि हातापेक्षा तोंड दोन पावलं पुढे.

काम सांगायला सोपं. वाफवलेली बी यंत्राच्या दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने पट्टी दाबायची, दांडा ओढायचा. कट्ट आवाज झाला की टरफल दुभंगतं आणि आतला गर सुईने अलगद काढायचा. अख्खा निघाला तर मजुरीला लागतो, तुटला तर निम्म्यात जमा. पण टरफलातून काळं तेल सुटतं, चिकट, आणि ते कातडीला लागलं की जाळतं. बायका कामाला बसण्याआधी हाताला गोडं तेल आणि राख चोळायच्या. तरी बोटं काळी पडायची, सोलायची, वर नवी कातडी धरायची आणि तीही काळी पडायची. थोरलीचे हात मनगटापर्यंत जळक्या लाकडासारखे झाले होते. दुकानात सामान घेताना दुकानदार सुट्टे पैसे तिच्या हातात न देता फळीवर ठेवायचा. ती ते फळीवरून उचलायची.

एक दिवस मुकादम सांगत आला की कंपनीकडून तपासणीची बाई येणार आहे.

मुकादम हा भित्रा माणूस. शेठ खोकले तरी हा उठून उभा राहायचा. त्याने साठ बायकांना यंत्रं थांबवायला लावली आणि स्वतः खोक्यावर चढला.

"नीट ऐका. ती विचारेल, हातमोजे मिळतात का? तुम्ही काय म्हणाल?"

"मिळतात!"

"कधी?"

"रोज!"

"शाब्बास. ती विचारेल, संडास आहे का?"

"आहे!"

"कुठे आहे?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. संडास होता, पण त्यात रिकामी पोती भरलेली असायची आणि दाराला कुलूप असायचं. बायका ओढ्याकाठच्या झुडपांकडे जायच्या.

"बायांनो, मागच्या बाजूला आहे, मागच्या!" मुकादम कपाळावर हात मारून म्हणाला.

"मुकादम, एकदा दाखवून तरी आणा," धाकटी म्हणाली. "नाहीतर ती बाई विचारायची आणि आम्ही तिला ओढ्यावर घेऊन जायचो."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण दोन दिवसांत पोती निघाली, भिंतींना पांढरा रंग लागला, दाराला आतून कडी बसली. बायका रांग लावून बघून आल्या. एकीने तर चपला बाहेर काढून ठेवल्या.

तपासणीच्या दिवशी सकाळी खोकं फुटलं आणि प्रत्येकीला हातमोज्यांचा जोड मिळाला. निळे, रबरी, सगळे एकाच मापाचे. थोरलीच्या हातात ते घट्ट बसले, धाकटीच्या हातात लोंबायला लागले.

"संध्याकाळी परत द्यायचे," मुकादम हळूच म्हणाला. "मोजून घेणार आहे मी."

बाई आली ती एकटीच. जाड चष्मा, पायात धुळीने भरलेले बूट, हातात एक वही. ती शेठच्या खोलीत फार वेळ बसली नाही. चहा अर्धा टाकून सरळ यंत्रांमध्ये आली. मुकादमाने सांगितलं होतं तेच सगळं तिने विचारलं, आणि बायकांनी पढवलेलं सगळं सांगितलं. रोज मिळतात. हो. साबण आहे. हो. मागच्या बाजूला आहे. शेठ मागे हात बांधून उभे होते, आणि प्रत्येक उत्तराला त्यांचे खांदे थोडे सैल पडत होते.

मग बाई थोरलीच्या यंत्रापाशी थांबली.

"मला करून बघता येईल?"

मुकादम म्हणाला, "मॅडम, कपडे खराब होतील."

"धुता येतात," असं म्हणून ती स्टुलावर बसलीसुद्धा.

थोरली बाजूला उभी राहिली. बाईने बी धरली, पट्टी दाबली, दांडा ओढला. गराचा चुरा झाला. शेजारणी तोंड दाबून हसल्या. बाईही हसली. दुसरी बी. तिसरी. चौथ्या बीला गर अर्धा का होईना निघाला आणि ती लहान मुलीसारखी खूश झाली. पण तेल तिच्या बोटांवर, मनगटावर उडालं होतं, आणि चष्मा नाकावरून घसरत होता. तिने चष्मा वर सरकवला आणि ती त्याच बोटांनी डोळा पुसायला गेली.

"डोळ्याला नको!"

थोरलीने तिचं मनगट धरलं होतं. कधी धरलं ते तिलाही कळलं नाही. निसरड्या रबरात पकड बसेना, म्हणून तिने दोन्ही मोजे ओढून खाली टाकले. यंत्राच्या पायाशी ठेवलेली गोड्या तेलाची बाटली उचलली, बाईच्या हातावर ओतली, राख घेतली आणि एकेक बोट चोळायला लागली.

"पाणी लावायचं नाही, पसरतं. आधी तेल. मग राख. मग पुसायचं, मग साबण. आणि आजचा दिवस चेहऱ्याला हात लावू नका. भाजतंय का?"

बाई आपल्या हाताकडे बघतच नव्हती. तिचा हात ज्या हातांमध्ये होता त्या हातांकडे बघत होती.

सगळी यंत्रं थांबली होती. थोरलीच्या लक्षात आलं, तेव्हा फार उशीर झाला होता. तिने हात मागे घ्यायला बघितलं. बाईने ते सोडले नाहीत.

"किती वर्षं काम करता?"

थोरलीने मुकादमाकडे बघितलं. तो ओठ न हलवता काहीतरी सांगत होता. पढवलेलं उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण हात बाईच्या हातात असताना ते तोंडातून फुटेना.

"अकरा वर्षं."

"आणि हातमोजे? ते कधीपासून मिळतात?"

"आज सकाळपासून," थोरली म्हणाली.

क्षणभर पत्र्यावर बसलेल्या कावळ्याची नखं वाजलेली ऐकू आली. मग मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू शेजारणीला लागलं, तिथून पुढच्या रांगेत आलं, आणि बघता बघता साठ बायका पोट धरून हसायला लागल्या. एकजण स्टुलावरून पडली. हसल्या नाहीत त्या दोघीच, थोरली आणि धाकटी.

बाईने जाताना थोरलीला एका कागदावर फोन नंबर लिहून दिला. "तुम्हाला कोणी त्रास दिला तर लगेच कळवा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. शेडच्या दारावर मुकादम उभा होता. कंपनीने माल थांबवलाय, पुढचं कळेपर्यंत काम बंद.

मग जे व्हायचं ते झालं. नळावर थोरली गेली की बायका आपापल्या बादल्या ओढून घ्यायच्या. परवापर्यंत पोट धरून हसलेली शेजारीण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काहींना सत्याची फार हौस. त्याला मीठ लावून खायचं का?" थोरली भरलेली बादली घेऊन निघाली. ती भराभर चालली, अर्धं पाणी वाटेत सांडलं.

घरात धाकटीने अबोला धरला. अबोला म्हणजे थोरलीशी. बाकी जगाशी तिचं तोंड दुप्पट चाललं होतं.

"आई, सांगा त्यांना, तांदूळ संपत आलाय," ती सासूला म्हणायची.

थोरली दोन हातांच्या अंतरावर बसलेली.

"थोरले, तांदूळ संपत आलाय म्हणते," सासू सांगायची.

"ऐकलं मी, आई."

"ऐकलं म्हणते गं," सासू धाकटीला. चार दिवसांनी सासूने हात जोडले. "माझा टेलिफोन करून टाकलात दोघींनी. निदान जेवताना तरी मला घास गिळू द्या."

गवंडी हसला. पण थोरली बांधकामावर विटा वाहायला आली तेव्हा त्याचं हसू गेलं. सहा विटा डोक्यावर, शिडी चढून वर. उन्हाने वीट तापलेली. दुपारी तो तिच्याशेजारी सावलीत येऊन बसला.

"तुझं चुकलं असं वाटतं तुला?"

"त्या बाईच्या डोळ्यात तेल गेलं असतं."

"ते विचारत नाही मी."

थोरली बराच वेळ विटेचा कोपरा खरवडत बसली. मग म्हणाली, "मी खोटं बोलले असते तर साठ घरं चालली असती. खरं बोलले तर साठ घरं बसली. मग हे खरं कोणाच्या कामाचं? त्या बाईने बघितलं, लिहून घेतलं आणि गेली. तिच्या कंपनीचे हात स्वच्छ झाले. आमचे काळेच."

"मग हे मला कशाला सांगतेस? तिलाच सांग." त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

पण तिने एकटीने फोन केला नाही. संध्याकाळी ती नळावर गेली, बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "मला शिव्या द्यायच्या त्यांनी आधी देऊन घ्या," ती म्हणाली. "मग मी फोन लावणार आहे. सगळ्यांनी ऐका, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको, थोरली काय बोलली कुणास ठाऊक."

शिव्या कोणीच दिल्या नाहीत. बायका हळूहळू जवळ आल्या. धाकटी मागे, भिंतीला टेकून, दुसरीकडे बघत उभी राहिली, पण कान इकडेच.

फोन लागला. थोरलीचा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग स्थिरावला.

"बाई, मी ती राखवाली. हात कसा आहे तुमचा?... बरं झालं. आता माझं ऐका. इतकी वर्षं आम्ही फोडलेले काजू तुमची कंपनी घेते. हे हात तुमच्याच मालाने काळे झालेत. ते दिसले म्हणून पाठ फिरवून निघून जाणं, हा कुठला न्याय? चुकलं असेल ते दुरुस्त करा. सोडून जाऊ नका. नुसते मोजेही देऊ नका. मोजे घालून हात मंद चालतो, मजुरी तुटते, मग आम्हीच ते काढून फेकू. ते सगळं बघा. आणि आमच्यासमोर बसून बघा."

पलीकडून बाई म्हणाली, "मी वचन देऊ शकत नाही. पण तुमचं बोलणं शब्दाला शब्द वर पोचवते."

"बाकी कोणाला काही बोलायचंय?" थोरलीने विचारलं.

"विचार तिला, संडासाला पुन्हा कुलूप लागलंय, ते कोण काढणार?" मीठवाली शेजारीण पुढे झाली आणि तिने फोन स्वतःच ओढून घेतला.

सहा दिवसांनी एक मोटार आली. चष्मेवाली बाई होती, आणि सोबत कंपनीचा एक साहेब, उंच, घामाने निथळणारा. शेठच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण बाई म्हणाली, शेडमध्ये बसू. मग शेठ, साहेब, मुकादम, सगळे यंत्रांपुढच्या स्टुलांवर बसले. साहेबाचे गुडघे हनुवटीला टेकत होते.

शेठच्या मनात आधीच खूप साठलं होतं. "साहेब, दोष माझा आहे, मान्य. पण दरवर्षी तुम्ही भाव खाली ओढता आणि माल लवकर मागता. त्या भावात हातमोजे बसतात का, हे कधी विचारलंत? तुमचा कागद दरवर्षी येतो, सही करून मी परत पाठवतो. त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायला तुम्हालाही वेळ नाही आणि मलाही नाही."

मुकादमाने भीतीने डोळे मिटले. शेठ असं बोलतील असं कोणालाच वाटलं नव्हतं.

साहेबाने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "खरं आहे. आम्ही किती स्वस्त ते विचारलं, कसं ते विचारलं नाही. आम्ही माल घेणं बंद करणार नाही. पण असाही घेणार नाही. काय करायचं ते ठरवू."

"ठरवायचं तर आधी मोजा," थोरली उभी राहून म्हणाली. "एका बाईला अर्धा दिवस मोज्यांशिवाय बसवा, अर्धा दिवस मोजे घालून. किती फरक पडतो तो तुमच्या डोळ्यांनी बघा. मग बोलू."

"कोण बसेल?" साहेबाने विचारलं.

सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. तिच्याइतका वेगवान हात दुसरा नव्हताच. धाकटी नाक उडवून पुढे आली आणि यंत्रावर बसली. जेवणापर्यंत तिने अशी बी फोडली की साहेब घड्याळ बघायचं विसरून तिच्या बोटांकडे बघत राहिला. जेवणानंतर मोजे घातले. बी निसटायची. सुई निसटायची. रबराची बोटं पात्यात अडकायची. धाकटी लाल झाली, दात-ओठ खायला लागली, आणि शेवटी मोजा ओढून तिने थोरलीच्या अंगावर फेकला.

"ताई! हे कोणत्या राक्षसाच्या मापाचे आहेत?"

पंधरा दिवसांनी धाकटी थोरलीशी बोलली होती. तिच्याही ते लक्षात आलं. तिने जीभ चावली.

"राक्षसाचे असतील तर परत दे," थोरली म्हणाली. "तुला लहान माप मागू."

आधी धाकटी हसली. मग थोरली. मग सासूला ही बातमी कोण आधी सांगणार यावरून मागच्या रांगेत पैजा लागल्या.

संध्याकाळी काट्यावर दोन्ही ढीग चढले. मोजे घालून फोडलेल्याचा ढीग दुसऱ्याच्या पाऊणच भरला. साहेबाने वहीत लिहून घेतलं, बाईने लिहून घेतलं, शेठनी लिहून घेतलं. आणि "आमच्याकडेही राहू दे," म्हणून धाकटीने टरफलाच्या पोत्यावर कोळशाने लिहून ठेवलं.

बोलणी तीन आठवडे चालली. साहेब एकदा जाऊन परत आला, एकदा रागावून उठला आणि पुन्हा बसला. ठरलं ते असं: मालाचा भाव कंपनीने वाढवायचा, आणि ती वाढ मजुरीत गेली की नाही हे बायकांनीच बघायचं. मोजे तीन मापांचे, फाटले की बदलून. वाफेच्या खोलीत हवा ओढणारे पंखे. ज्यांचे हात जळलेत त्यांच्यासाठी कातडीचा डॉक्टर, कंपनीच्या खर्चाने. आणि संडासाच्या कुलपाची किल्ली मुकादमाकडे नाही. कुलूपच नाही.

हे सगळं बघायला बायकांमधून पाचजणी निवडायच्या होत्या. थोरलीचं नाव निघताच ती म्हणाली, "मला नको. मी एकदा खरं बोलले आणि महिनाभर विटा वाहिल्या. रोज भांडायला जिभेला धार पाहिजे. धाकटीला घ्या."

"मला कशाला?" धाकटी म्हणाली, पण तोवर साठ हात वर गेले होते. मुकादमाने डोक्याला हात लावला. दुसऱ्याच दिवशी धाकटीने त्याला मोज्यांची रांग लावायला लावली, लहान इकडे, मोठे तिकडे, आणि तो तक्रार न करता लावत बसला. नंतर तोच सांगायचा, शेठच्या खोकण्यापेक्षा हिची हाक बरी, निदान कशासाठी आहे ते कळतं.

भोंगा पुन्हा वाजायला लागला. पहिले काही दिवस सगळ्यांचे हात अडखळले. मग मोज्यांतल्या बोटांना डोळे फुटले. बायका पुन्हा कामावर गप्पा मारायला लागल्या, म्हणजे काम जमायला लागलं. डॉक्टर आला, त्याने मलम दिलं, आणि थोरलीला म्हणाला, कातडी निघेल, घाबरू नका, खालची नवी येईल. ती निघाली. टरफलासारखी, तुकड्यातुकड्याने. खालून गुलाबी, पातळ, लहान बाळाच्या तळव्यासारखी कातडी वर आली.

एका सुट्टीच्या सकाळी गवंड्याने चहा केला. सुट्टीला चहा तोच करायचा. ग्लास त्याने थोरलीच्या हातात दिला.

"आई गं!" ती ओरडली आणि ग्लास खाली ठेवला.

"काय झालं?"

"चहा गरम आहे."

"चहा गरमच असतो," गवंडी म्हणाला. "रोज असाच देतो मी."

थोरलीने ग्लास पुन्हा उचलला. ठेवला. फुंकर घालून बोटं पुन्हा काचेला लावली आणि पटकन काढली. ती हसत होती, आणि डोळेही भरून आले होते. मग उठली. बादलीतल्या पाण्यात बोटं घातली. भिंतीवरून हात फिरवला, नवऱ्याने स्वतः घोटलेली भिंत, तरी बारीक खडे लागले. दोरीवरच्या ओल्या कपड्याला हात लावला. सासूच्या केसांवरून फिरवला.

"काय शोधतेस गं?" सासू म्हणाली.

"काही नाही, आई. सगळं आहे का बघते."

धाकटी दारातून बघत होती. तिने आत जाऊन स्वतःचा चहाही थोरलीच्या पुढ्यात आणून ठेवला.

शेवटी थोरली नवऱ्यापाशी आली. त्याच्या गालावर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, दाढी करा. टोचते."

गवंडी चहाचा घोट विसरून तिच्याकडे बघत राहिला. "अकरा वर्षांत पहिल्यांदा तक्रार केलीस."

"आता रोज होईल," थोरली म्हणाली.

तो उठला आणि वस्तरा शोधायला लागला.